सोन्याच्या दुर्वा

१

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळाचा गणपती शुक्रवारी संध्याकाळी बसतो आणि रविवारी दुपारी उठतो. पंचांगात चतुर्थी कुठल्याही वारी का येईना, बाप्पाने वीकएंड बघूनच यायचं असा इथला रिवाज. हॉल भाड्याचा, दुर्वा म्हणजे कुणाच्या तरी बॅकयार्डातलं बर्म्युडा ग्रास, आणि उकडीचे मोदक कॉस्टकोच्या ट्रेमध्ये. तरी आरतीला टाळ वाजायला लागले की माणसं डोळे मिटतात आणि दोन मिनिटं तरी आपापल्या गावी जाऊन येतात.

२००६ सालच्या त्या शनिवारी सकाळी मात्र आरती झालीच नाही.

"अगं बाई! माझ्या दुर्वा कुठायत?" सुलेखाताई स्टेजसमोर उभ्या राहून किंचाळल्या. "नुसती डबी आहे! सोन्याच्या दुर्वा गेल्या!"

सुलेखाताईंनी पुण्याहून खास घडवून आणलेली सोन्याच्या दुर्वांची जुडी. नवऱ्याची बायपास नीट पार पडावी म्हणून बोललेला नवस. शुक्रवारच्या आरतीआधी त्यांनी ती स्वतःच्या हाताने बाप्पाच्या पायाशी वाहिली होती. आता तिथे नुसती लाल मखमलीची डबी उरली होती.

मग काय विचारता! शे-दीडशे माणसं एकदम स्टेजवर धावली. कुणी मखर हलवलं, कुणी चौरंगाखाली वाकून बघितलं. उत्तरा नावाची नागपूरची मुलगी तेवढी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. "माझी रांगोळी! अरे, अख्खी रांगोळी तुडवली सगळ्यांनी! अजून जजिंग पण झालं नव्हतं यार!" तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

"पोलिसांना फोन करा," मंडळाचे अध्यक्ष कुमारकाका म्हणाले. "रिपोर्ट असल्याशिवाय इन्शुरन्सवाले दारात उभं करत नाहीत."

पोलीस आले. गोड बोलले. हॉलच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात, एवढंच नीट विचारलं. एक कुमारकाकांकडे, दुसरी हॉलची साफसफाई करणाऱ्या वेंडेल पेटीफर्डकडे. पोलिसाने गाडीत बसून कॉम्प्युटरवर दोन नावं घातली. एका नावापुढे काही आलं नाही. दुसऱ्या नावापुढे बरंच काही आलं, आणि संध्याकाळपर्यंत वेंडेलला बेड्या पडल्या.

रविवारी विसर्जनाच्या वेळी कुमारकाका आसावरीला म्हणाले, "अगं, त्याच्या घरी मंडळाचं सामान पण सापडलं म्हणे. स्टीलचा डबा. त्यावर मराठीत काहीतरी कोरलंय."

आसावरीच्या हातातला प्रसादाचा चमचा तिथेच थांबला. तो डबा तिचा होता. त्यावर तिच्या लग्नात आत्याने घातलेलं तिचं नाव होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिनेच तो शिरा भरून वेंडेलच्या हातात दिला होता. त्याच्या आईसाठी.

२

आसावरी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं पुण्यात शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करायची. चांगली करायची. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की बाईंची मान किंचित तिरकी व्हायची आणि समोरच्याला घाम फुटायचा. मग प्रल्हादला रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये नोकरी लागली आणि ती त्याच्या पाठोपाठ इथे आली, नवऱ्याच्या व्हिसाला जोडून मिळतो त्या व्हिसावर. त्या व्हिसावर काम करता येत नाही. पाच वर्षं झाली, बाईंची मान आता फक्त कोथिंबीर निवडताना तिरकी होते.

सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी ती पोलीस स्टेशनात गेली आणि डब्याचं सांगितलं. डिटेक्टिव्हने ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं.

"थँक यू, मॅम. पण डबा तुमचा असला म्हणून सोनं परत येत नाही ना?"

"पण त्याच्या घरात सोनं सापडलं नाही."

"विकलं असेल. हा माणूस आम्हाला नवा नाही."

घरी प्रल्हादने डोक्याला हात लावला. "तू कशाला गेलीस तिथे? आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. पोलिसांच्या फाइलमध्ये आपलं नाव कशाला हवंय?"

"माझं नाव आधीच आहे तिथे, प्रल्हाद. डब्यावर कोरलेलं. पुरावा म्हणून ठेवलंय त्यांनी."

बुधवारी त्याने हाफ डे टाकला आणि तिला काउंटी जेलपर्यंत स्वतः सोडलं. आत मात्र आला नाही.

भेटीच्या खोलीबाहेर बायका बसल्या होत्या. चर्चला जायचे कपडे घातलेली लहान मुलं, त्यांच्या आया, आज्या. जवळजवळ सगळ्या काळ्या, थोड्या मेक्सिकन, एक गोरी म्हातारी. ज्या गावात आसावरी पाच वर्षं राहत होती तिथल्या मॉलमध्ये, लायब्ररीत, शाळेच्या ऑफिसात तिला एवढी काळी माणसं एकत्र कधी दिसली नव्हती. ती इथे होती. येरवड्याच्या फाटकापाशीही अशीच रांग असायची. तिथेही त्याच त्या वस्त्यांमधल्या बायका, कडेवर पोर आणि हातात डबा घेतलेल्या.

वेंडेल काचेपलीकडे येऊन बसला. पन्नाशीला आलेला, उंच, हळू बोलणारा माणूस. फोन कानाला लावल्यावर त्याचं पहिलं वाक्य असं होतं, "मॅम, तुमचा डबा त्यांनी नेला. मी धुऊन, पुसून ठेवला होता हो. सोमवारी आणून देणार होतो."

आसावरी काचेजवळ सरकली. "डब्याचं राहू दे. शुक्रवारी काय झालं ते सांगा."

"काही नाही झालं. तुमचं गाणं संपलं, लोक गेले. ते चष्मेवाले सर मोठ्या काळ्या पिशवीत फुलं भरून घेऊन गेले. मग ती मुलगी जमिनीवर रंग घालत बसली. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, सावकाश होऊ दे. तिचं झाल्यावर दोघं बरोबरच बाहेर पडलो. मी कुलूप लावलं आणि घरी गेलो."

"स्टेजवर गेला होतात?"

"मी?" तो जरासा हसला. "पहिल्या वर्षीच मला एका बाईंनी सांगितलंय, इथली फुलं म्हणजे कचरा नाही, हात लावायचा नाही. तेव्हापासून माझा झाडू स्टेजच्या पायरीशी थांबतो."

मग तो आईबद्दल बोलला. आठवड्यातून तीनदा तो तिला डायलिसिसला नेतो. आता शेजारी नेतात, जमेल तसं. "तिला सांगा, मी जेवतोय," तो म्हणाला.

बाहेर त्याच्या बाजूने लढायला सरकारने दिलेली वकील भेटली. तरुण मुलगी, काखेत फायलींचा ढीग, डोळ्यांत झोप. तिने चालता चालताच सांगितलं. वेंडेलवर जुने तीन गुन्हे होते. सगळे विशीच्या आसपासचे, कोपऱ्यावर उभं राहून कोकेनच्या पुड्या विकल्याचे, आणि तिन्हींची शिक्षा भोगून झालेली. पण या राज्यात तीन असले की चौथ्याला कायदा वेगळ्या मापाने मोजतो.

"खटला लढला आणि हरला, तर दहा वर्षांच्या वर. गुन्हा कबूल केला तर जेमतेम एक. पुढच्या शुक्रवारपर्यंत ऑफर आहे."

"पण त्याने केलंच नाही!"

"माझे निम्मे अशील तेच म्हणतात, मॅम. त्यातले बरेच खरं बोलत असतील. ज्युरीसमोर तीन जुने गुन्हे आणि हातात किल्ली असलेला काळा माणूस उभा करून मी काय सिद्ध करू? मला सोनं आणून द्या."

३

सोनं आणायचं तर ते कुठे गेलं ते कळायला हवं. आसावरीने साडी नेसली नाही की फाइल घेतली नाही, नुसती लोकांकडे चहाला जायला लागली. मराठी माणूस चहाच्या कपामागे जितकं बोलतो तितकं पिंजऱ्यात उभं करूनही बोलत नाही.

सुलेखाताईंचे डोळे अजून सुजलेले होते. "मी स्वतः वाहिल्या गं. डबीतून काढल्या, नुसत्या बऱ्या दिसेनात म्हणून बाकीच्या जुड्यांसारखाच लाल दोरा बांधला, आणि त्यांच्यातच ठेवल्या, मधोमध. म्हटलं, सकाळी निर्माल्य काढतील तेव्हा मी असेनच."

"सकाळी?"

"मग? निर्माल्य सकाळीच काढतात ना, पूजेआधी. आमच्याकडे तरी असंच."

कुमारकाका अमेरिकेत तीस वर्षं काढलेले. लॉनचं गवतसुद्धा त्यांना विचारून वाढायचं. "आसावरी, तू कशाला त्रास करून घेतेस? या लोकांचं असंच असतं. संधी दिली तरी सुधारत नाहीत. आता आमचा अमित बघ. कॉलेजला असताना रूममध्ये कोकेन सापडलं होतं त्याच्या. मी तुला म्हणून सांगतो हं, बाहेर बोलू नकोस. चांगला वकील केला, काउन्सेलिंग झालं, जज म्हणाला, चांगल्या घरचा मुलगा आहे. रेकॉर्ड साफ! आज बँकेत आहे शार्लटला. सिस्टिम चांगली आहे गं इथली, माणसाने तिचा फायदा घ्यायला हवा."

आसावरीने कप खाली ठेवला. "काका, वेंडेल किती वर्षांचा होता पहिल्यांदा?"

"मला काय माहीत?"

"एकोणीस. अमित?"

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. काकूंनी मात्र आतून येऊन तिच्या हातावर लाडू ठेवला आणि दारापर्यंत पोचवायला आल्या.

देवदत्तकडे जाणं सोपं होतं. तो प्रल्हादचा कारपूलमधला दोस्त, रोज सकाळी दारात हॉर्न वाजवणारा. मंडळात निर्माल्याचं खातं त्याच्याकडे. हॉलच्या करारात रात्री ओली फुलं ठेवायची नाहीत असं कलम आहे, त्यामुळे इथे निर्माल्य आरती झाली की लगेच उचलतात. देवदत्त ते कचऱ्यात जाऊ देत नाही, घरी आणून गुलाबाच्या वाफ्यात पुरतो.

"बघ, किती फुललेत!" त्याने तिला बॅकयार्ड दाखवलं. "आणि प्लॅस्टिक, दोरा, काही मातीत जाऊ देत नाही मी. हाराचा दोरा, जुड्यांचा दोरा, प्रत्येक गाठ माझ्या हाताने सोडवतो. आई हसायची मला. म्हणायची, अरे, देवाला पण एवढी घाई नसते."

गॅरेजच्या फळीवर लाल दोऱ्यांचा गुंता व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला होता.

"शुक्रवारी तू सोन्याच्या दुर्वा बघितल्यास?"

"डबी बघितली. हात नाही लावला. पोलिसांनाही तेच सांगितलं, की मी निघालो तेव्हा दुर्वा जागेवर होत्या." हे बोलताना तो नळीने गुलाबांना पाणी घालत होता. पाणी वाफा सोडून त्याच्याच बुटांवर पडत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

४

उत्तराकडे आसावरी गेली ती खरं तर तिची समजूत घालायला. वेंडेलबरोबर हॉलमधून शेवटी बाहेर पडलेली तीच, म्हणून पोलिसांनी तिलाही दोनदा बोलावलं होतं आणि पोर हबकली होती.

"ताई, काय सांगू, मी त्यांना म्हटलं ना, मिस्टर वेंडेल माझ्यासाठी थांबले होते. त्यांनी तर मला पाण्याची बाटली आणून दिली. पोलीस म्हणे, तो रात्री किल्लीने परत आला असेल. आता मी काय बोलणार?" ती नाक पुसत म्हणाली. "आणि माझी रांगोळी! थांबा, तुम्हाला दाखवते. सकाळी सगळ्यात आधी जाऊन फोटो काढले होते मी, वेबसाइटसाठी. कुमारकाकांनी दार उघडलं, मी लगेच क्लिक क्लिक."

तिने लॅपटॉप उघडला. आसावरी कौतुक करायच्या तयारीने पुढे वाकली आणि तशीच राहिली.

त्या हॉलचं स्टेज म्हणजे तीन भिंतींचा कोनाडाच. मागच्या भिंतीला टेकून मखर, मखरात बाप्पा. आणि त्याच्यापुढे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पायरीच्या काठापर्यंत, उत्तराची रांगोळी. आधी पांढऱ्या रंगाचा थर, त्यावर मोर, वेली, कमळं. बोटभरही जमीन उघडी नव्हती.

"उत्तरा, हे तू घातलंस कसं? मखराकडून सुरुवात करून?"

"हो, मागे मागे सरकत. शेवटचा पांढरा पट्टा तर पायरीवर बसून घातला. नाहीतर स्वतःच अडकले असते ना आत!"

"निर्माल्य काढल्यानंतर घातलीस?"

"अर्थात. देवदत्त पिशवी घेऊन गेला, मग मी बसले."

"आणि सकाळी ती अशी होती? कुठे बोट लागलेलं, पाऊल उमटलेलं?"

"छे हो! तसं असतं तर मी तेव्हाच बोंबलले नसते?" एवढं बोलून उत्तराचाही आवाज खाली आला. "ताई... म्हणजे..."

"म्हणजे तू पायरी उतरलीस तेव्हापासून सुलेखाताई ओरडल्या तोपर्यंत बाप्पापाशी माणूस गेलाच नाही. वेंडेल नाही, दुसरं कुणी नाही. उडून गेला असेल तर गोष्ट वेगळी."

"पण मग दुर्वा?"

"दुर्वा तू बसायच्या आधीच गेल्या होत्या. तुझ्या आधी तिथे कोण होतं?"

उत्तराने तोंडावर हात ठेवला.

आसावरी खिडकीबाहेर बघत एकेक धागा जुळवत गेली. सुलेखाताईंना वाटलं, निर्माल्य घरच्यासारखं सकाळी निघेल. म्हणून त्यांनी सोन्याची जुडी लाल दोरा बांधून गवताच्या जुड्यांमध्ये मिसळली आणि रिकामी डबी मिटून तिथेच ठेवली. देवदत्तने निर्माल्य रात्री उचललं, मूठ मूठ भरून. डबी दिसली, त्याला वाटलं सोनं त्यात आहे. यात चोर कुठेच नव्हता. दोन घरांच्या दोन पद्धती आणि मधे एक डबी, एवढंच होतं. आणि पोलिसांना रांगोळी म्हणजे काय, ती भिंतीपासून भिंतीपर्यंत घातली की काय होतं, हे सांगायचं त्या शे-दीडशे माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.

पण एवढ्यावर थांबता येत नव्हतं. कारण देवदत्त प्रत्येक जुडीचा दोरा स्वतःच्या हाताने सोडवतो. गवत सोडवताना त्याच्या बोटांना सोनं लागलं नसेल?

तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी ऑफर संपत होती.

५

देवदत्तने दार उघडलं आणि तिच्याकडे एकदाच बघितलं. मग बाजूला झाला, आत ये म्हणालासुद्धा नाही.

जिन्याखाली त्याचं छोटं देवघर होतं. बोटभर उंचीच्या पितळी गणपतीच्या पायाशी सोन्याच्या दुर्वा होत्या. लाल दोऱ्यासकट.

"सोमवारी सापडल्या," तो जमिनीवर बसत म्हणाला. "दोरे सोडवत होतो. त्याला शनिवारीच पकडलं होतं गं. मी पोलिसांना आधीच सांगून बसलो होतो की जागेवर होत्या म्हणून. सही केली होती. आता कुठल्या तोंडाने जाऊ? देवाची वस्तू, टाकवेना. ठेवली देवापाशी."

"दहा दिवस, देवदत्त! दहा दिवस तू रोज सकाळी प्रल्हादला घेऊन ऑफिसला जातोयस!"

"ग्रीन कार्डची शेवटची स्टेज आहे. पोलिसांना खोटं सांगितलं म्हटलं तर संपलं सगळं. घर विकून, मुलीला शाळेतून काढून परत जायचं? रेकॉर्ड लागलं की आयुष्यातून उठतो माणूस इथे!"

"हो ना," आसावरी म्हणाली. "हे तुला माहितीये. मग त्याला किती वर्षं झाली उठून, त्याचा विचार कर."

देवदत्त हमसाहमशी रडायला लागला. इतका मोठा माणूस असा रडतो तेव्हा समोरच्याने काय करावं ते कळत नाही. तिला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि दया येतेय याचा पुन्हा राग येत होता.

"मी येतो," तो शेवटी म्हणाला. "उद्या सकाळी. फक्त आज एकदा माझ्या इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलू दे."

तिने वेंडेलच्या वकिलीणबाईंना फोन लावला. व्हॉइसमेल भरलेला होता. पुन्हा लावला. ऑफिस बंद झालं होतं. पोलिसांत जावं तर देवदत्तच्या जबाबाशिवाय नुसतं सोनं घेऊन गेलेल्या तिचं कोण ऐकणार, आणि तो तर आज जागचा हलणार नव्हता. तिने दुर्वा पर्समध्ये टाकल्या आणि सकाळची वाट बघितली.

सकाळी देवदत्त आला, पण उशिरा. वकिलाने फोन उशिरा घेतला म्हणे. प्रल्हादने गाडी अशी हाणली की आसावरीने पहिल्यांदाच त्याला काही म्हटलं नाही. कोर्टाच्या दारात सिक्युरिटीची रांग, पट्टा काढा, बूट काढा. ती जिना चढून वर पोचली तेव्हा वकिलीणबाई कोर्टरूमच्या बाहेरच उभ्या होत्या.

आसावरीने पर्समधून दुर्वा काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

त्या पोरीने सोन्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकली. "पंधरा मिनिटांपूर्वी," ती म्हणाली. "जजने विचारलं, तुम्ही खरोखर दोषी आहात म्हणून कबूल करताय ना? तो म्हणाला, येस सर."

"पण का?"

"आई आहे ना त्याची. दहा वर्षं ती टिकणार नाही. एक वर्ष कदाचित टिकेल, असा हिशेब केला त्याने."

बेड्या घातलेल्या वेंडेलला त्याच वेळी बाजूच्या दाराने नेत होते. त्याने वकिलीणबाईंच्या हातातलं सोनं बघितलं. रागावला नाही, ओरडला नाही. "हं, सापडलं तर," असं काहीसं पुटपुटला आणि चालत राहिला. देवदत्त जिन्यातच बसला होता. त्याला वर येववलं नाही.

६

एकदा कबूल केलेला गुन्हा परत घ्यायला किती खटपट लागते ते आसावरीला तेव्हा कळलं. अर्ज, सुनावणी, तारीख, पुन्हा तारीख. पुण्यातल्या तारखा तिला ओळखीच्या होत्या, इथल्याही तशाच निघाल्या. उत्तराने रांगोळीचे फोटो दिले, सुलेखाताईंनी रडत रडत जबाब दिला. कुमारकाकांनी पत्रावर सही केली, पण त्याआधी दोन वेळा वाचलं.

देवदत्तनेही सगळं सांगितलं. डिटेक्टिव्हने त्याला कॉफी दिली. "ऑनेस्ट मिस्टेक आहे, सर. कुणाच्याही हातून होईल," असं म्हणाला आणि पाठीवर हात ठेवला. देवदत्तपुढे कुठलंही रेकॉर्ड लागलं नाही. वसंतात त्याचं ग्रीन कार्ड आलं. त्याच्या बायकोने पेढे वाटले. आसावरीने पेढा घेतला, घरी आणला आणि तो ओट्यावर तसाच वाळून गेला.

वेंडेल जानेवारीत सुटला. निर्दोष. तोवर साफसफाईच्या कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. भाडं थकल्यामुळे घर गेलं होतं. आईला भाचीने रॉकी माउंटला नेलं होतं, आणि तिथे थँक्सगिव्हिंगच्या आधी ती गेली. पुरायच्या वेळी त्याला सोडलं नव्हतं. रजा मिळण्याइतके तुरुंगातले दिवस भरले नव्हते म्हणे. नव्या कामासाठी अर्ज केला की अजूनही कॉम्प्युटरवर अटक दिसते, सुटका शोधायला मात्र आणखी एक पान उघडावं लागतं, आणि तेवढं कुणी उघडत नाही. हे त्याने तिला एकदा फोनवर सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

पुढच्या वर्षी गणपतीला आसावरीने त्याला बोलावलं. येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण रविवारी दुपारी, विसर्जनाच्या जरा आधी, तो हॉलच्या काचेच्या दाराबाहेर दिसला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. तो बराच बारीक झाला होता.

"आत या ना," ती म्हणाली.

"नको मॅम. इथे बरं आहे." तो दारापासून दोन पावलं लांबच उभा होता. दोन्ही हात पुढे, उघडे, बोटं पसरलेली. असे हात घेऊन माणूस कधी उभा राहत नाही. तो मुद्दाम उभा होता.

पोलिसांनी परत दिलेला डबा तिने बरोबरच आणला होता. त्यावर अजून पुराव्याच्या स्टिकरचा चिकटा होता, किती घासला तरी निघाला नव्हता. तिने त्यात मोदक भरले, वर तूप सोडलं, झाकण लावलं आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या. आता परत द्यायचा नाही. तुमचाच."

त्याने हात मागे घेतले.

"मॅम, एक विनंती आहे. रागावू नका."

"सांगा ना."

"गाडीपर्यंत माझ्याबरोबर चालाल? डबा तुम्हीच धरा. मी गाडीत बसलो की मग द्या."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने मागे वळून बघितलं, आणि कळलं. काचेपलीकडून माणसं बघत होती. कुमारकाका बघत होते, देवदत्त हातातली निर्माल्याची पिशवी तशीच धरून बघत होता. या हॉलमधून आपण एकटे, हातात काहीतरी घेऊन बाहेर पडताना कुणाला दिसू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

ती त्याच्याबरोबर चालत गेली. पार्किंग लॉटच्या टोकाला त्याची जुनी गाडी होती. तो आत बसला, काच खाली केली, आणि तेव्हा त्याने दोन्ही हातांनी डबा घेतला. शेजारच्या सीटवर ठेवला, जिथे त्याची आई बसायची.

"थँक यू, मॅम," तो म्हणाला. "आता मी निघताना जरा हात करा. म्हणजे त्यांना दिसेल."

आतून मोरयाचा गजर ऐकू येत होता. गाडी सुरू झाली. आसावरीने हात केला. सगळ्यांना दिसेल असा, चांगला वर उचलून केला, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो खाली घेतला नाही.